पिकअपचा पिकअप

अमेरिकेत पिकअप ट्रक घेणारा माणूस शोरूममधून बाहेर पडतो तेव्हा त्याच्या मते गाडी अर्धीच झालेली असते. कंपनीच्या इंजिनिअरांनी वर्षानुवर्षं डोकं खपवून जे काही बनवलं, त्यात काय काय राहून गेलंय हे त्याला पहिला हप्ता भरायच्या आधीच कळलेलं असतं. चाकं लहान आहेत. आवाज बारीक आहे. उंची कमी आहे. आणि इंजिन? इंजिन उत्तम आहे, पण कंपनीने ते ‘दाबून ठेवलंय’. हे शेवटचं वाक्य ज्या दिवशी घरात उच्चारलं जातं, त्या दिवसापासून ट्यूनरचा शोध सुरू झाला असं समजावं.

टेक्सासात हे वाक्य बऱ्याच घरांत ऐकू येतं. फोर्डची एफ-सिरीज १९७७पासून या देशातला सर्वाधिक खपाचा ट्रक आहे, आणि ह्यूस्टनच्या कुठल्याही मॉलच्या पार्किंगमध्ये गेलं की तो सगळा खप इथेच झाला असावा अशी शंका येते. ट्रक म्हटल्यावर कोल्हापूरकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढे ऊस येतो, वाळू येते, गेला बाजार कांद्याची पोती तरी. इथल्या ट्रकच्या हौद्यात बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि त्या काहीच-नाहीवर पाऊस पडू नये म्हणून झाकण बसवलेलं असतं.

आमचा मेहुणा ह्यूस्टनच्या पश्चिमेला केटी नावाच्या गावात राहतो. पेशाने सॉफ्टवेअरवाला. दारात २०१८ची एफ-१५०, इंजिन साडेतीन लिटरचं इकोबूस्ट, टर्बो दोन, हॉर्सपॉवर ३७५. आपल्याकडे २००५ साली ‘छोटा हत्ती’ आला तेव्हा त्याचं इंजिन होतं ७०२ सीसीचं आणि हॉर्सपॉवर १६. कागदावर तो पाऊण टन उचलतो. प्रत्यक्षात त्यातून गणपती, मंडपाचे बांबू, जनरेटर, स्पीकरची भिंत आणि या सगळ्यावर बसलेले मंडळाचे कार्यकर्ते जातात. मेहुण्याच्या गाडीतून कॉस्टकोमधला तांदूळ आणि इंडियन ग्रोसरीतली कोथिंबीर येते. तरीही जोर कमी पडत असल्याची तक्रार छोट्या हत्तीच्या मालकाकडून मी कधी ऐकलेली नाही.

साधूच्या लंगोटीची गोष्ट आपण सगळ्यांनीच ऐकली आहे. उंदीर लंगोटी कुरतडतो म्हणून मांजर, मांजराला दूध हवं म्हणून गाय, गाय बघायला माणूस, आणि शेवटी अख्खा संसार. पिकअपमध्ये लंगोटीच्या जागी टायर असतो. मेहुण्याच्या गाडीला कंपनीने दिलेले टायर ३२ इंचांचे होते. समोरच्या घरातल्याने ३५ इंचांचे बसवले. ह्याने पण बसवायचे ठरवले, तर ते चाकाच्या कमानीला घासायला लागले. म्हणून सहा इंचांचा लिफ्ट किट लावून गाडी उचलली. गाडी उचलल्यावर आमच्या सासूबाईंना आत चढता येईना, म्हणून दार उघडताच आपोआप खाली येणाऱ्या पायऱ्या आल्या. इतक्या उंच गाडीला पुढे काहीतरी भरीव हवं म्हणून विंच बसला, म्हणजे चिखलात रुतलेली गाडी डोंगरउतारावरून ओढून काढायचं यंत्र. ह्यूस्टनमध्ये डोंगर नाही. तिथला सगळ्यात मोठा चढ म्हणजे फ्लायओव्हर.

एवढं सगळं झाल्यावर एक दिवस त्याची बायको गाडी घेऊन ऑफिसला गेली आणि परत येऊन चावी टेबलावर ठेवत म्हणाली, “तुझ्या पिकअपला पिकअपच राहिला नाही.”

बाई खरं बोलली होती, आणि ह्यात गूढ काही नाही. टायरचा व्यास वाढला की चाकाच्या एका फेरीत गाडी जास्त अंतर कापते, पण ती फेरी मारायला इंजिनाला जास्त जोर लागतो. मागच्या ॲक्सलचा ३.५५चा गिअर रेशो ३.२५ असल्यासारखा वागू लागतो. शिवाय मोठा टायर जड, रिम जड, सुटताना जड आणि थांबतानाही जड. स्पीडोमीटरला ह्यातलं काही कळत नाही. तो जुन्या टायरच्या हिशेबाने ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५च्या पुढे असते. अंतर मोजणारा काटाही तेवढंच कमी मोजतो. हे समजल्यावर मेहुण्याचा चेहरा उजळला. “म्हणजे दाजी, विकताना गाडी नऊ टक्के कमी चाललेली दिसणार!” तोट्यातून नफा काढायची ही हातोटी त्याच्या वडिलांकडून आलेली आहे.

पण बायकोचं वाक्य त्याला लागलं होतं. टायर परत लहान करणं म्हणजे समोरच्या घरापुढे शरणागती. तेव्हा राहिला एकच उपाय. इंजिनाचा जोर वाढवायचा. त्यासाठी ट्यूनर हवा.

ट्यूनर म्हणजे कोण हे सांगायला थोडं मागे जावं लागेल. कोल्हापूर-सांगलीकडे कार्बुरेटरच्या जमान्यात प्रत्येक पेठेत एक मिस्त्री असायचा. येझदी, राजदूत, लुना, काहीही आणा. तो स्टँडवर लावायचा, कान तिरका करायचा, स्क्रू ड्रायव्हरने हवेचा स्क्रू अर्धा फेरा इकडे, पाव फेरा तिकडे करायचा. मग प्लग काढून त्याचं टोक बघायचा. काळं असेल तर पेट्रोल जास्त, पांढरं पडलं असेल तर पेट्रोल कमी, तपकिरी असेल तर जमलं. बिल दहा रुपये, आणि “परत आवाज आला तर घेऊन या” हा दिलासा फुकट.

आता तो स्क्रू गाडीत नाही. त्याच्या जागी कॉम्प्युटर आहे. कुठल्या आरपीएमला, पायाच्या किती दाबाला, किती पेट्रोल सोडायचं, ठिणगी किती आधी टाकायची, टर्बोने किती हवा कोंबायची, ह्याचे भलेमोठे तक्ते त्यात भरलेले असतात. १९९६पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारला आणि पिकअपला स्टिअरिंगच्या खाली सोळा पिनांचं एक सॉकेट असणं सक्तीचं झालं. हेतू असा, की गाडीने धूर वाढवला तर कळावं. सरकारने प्रदूषण पकडायला जे दार ठेवलं, त्याच दारातून ट्यूनर आत शिरतो, तक्ते वाचतो आणि बदलतो.

बदलण्याजोगं काय असतं? तर कंपनीने शिल्लक ठेवलेली असते. कोणी हलकं पेट्रोल भरेल, कोणी ऑइल बदलायचं विसरेल, कोणी भर उन्हात मागे बोट बांधून घाट चढेल, हे धरून कंपनी तक्ते जरा हात राखून लिहिते. ती शिल्लक ट्यूनर काढतो आणि आपली आपल्यालाच विकतो. टर्बो असलेल्या इंजिनात शिल्लक बरीच निघते, कारण हवेचा दाब वाढवता येतो. टर्बो नसेल तर पैसे तेवढेच जातात आणि फरक मुख्यतः मालकाच्या बोलण्यात पडतो.

ट्यूनर शोधतोय ही बातमी बाहेर फुटायचा अवकाश, उंटावरचे शहाणे गोळा झाले. मंडळाच्या गणपतीत आरतीनंतर प्रसाद घेता घेता ज्याला त्याला कोणीतरी ‘एकदम भारी’ ट्यूनर माहीत होता. ज्याची स्वतःची कार बापजन्मात सर्व्हिस सेंटरच्या पलीकडे गेलेली नाही, तोही आवाज खाली आणून “बूस्ट किती धरायचा ठरवलाय?” असं विचारत होता. टेस्लावाल्यांचा कंपू बाजूला उभा राहून मंद हसत होता. त्यांचं म्हणणं, आमची गाडी रात्री झोपेत सुधारते. मेहुण्याने लगेच काढलं, की २०१९च्या अखेरीस ह्याच टेस्लाने मॉडेल ३च्या काही मालकांना नुसत्या सॉफ्टवेअरने वेग वाढवून द्यायचे २००० डॉलर लावले होते. तेव्हा ट्यूनर तुम्हालाही आहेच, फक्त तो कंपनीतच नोकरीला आहे. ह्यावर टेस्लावाल्यांनी मोदकाकडे लक्ष वळवलं.

ऐकावे जनाचे ह्या न्यायाने सगळ्यांचं ऐकून घेतल्यावर ट्यूनरांच्या जाती माझ्याही लक्षात आल्या.

पहिले डबीवाले. हे हातात मावणारं यंत्र विकतात, साधारण चारपाचशे डॉलरला. सॉकेटमध्ये खुपसा, टायरचा आकार सांगा, ‘परफॉर्मन्स’वर टिचकी मारा, झालं. ही डबी एकदा एका गाडीच्या नंबराशी जोडली गेली की जुने तक्ते परत घातल्याशिवाय दुसऱ्या गाडीला लागत नाही, त्यामुळे जुनी डबी स्वस्तात घेणाऱ्याने आधी ती मोकळी आहे ना हे विचारावं. डबीतल्या ट्यूनला तुमची गाडी माहीत नसते, सरासरी गाडी माहीत असते. आणि त्यातले काही ट्यून एक गंमत करतात. इंजिनाचा जोर वाढतो जेमतेम, पण ॲक्सिलरेटर इतका हळवा करून ठेवतात की पाय टेकवताच गाडी उडी मारते. मालक खूश. मागच्या सीटवर सासूबाई असतील तर त्यांच्या मांडीवरचा डबाही त्या उडीत सामील होतो.

दुसरे डायनोवाले. ह्यांच्या शेडमध्ये जमिनीत मोठे रोलर असतात. गाडी त्यावर चढवतात, पट्ट्यांनी चारी बाजूंनी जखडतात, पुढे भला मोठा पंखा लावतात आणि मग उभ्या गाडीला पळवतात. मेहुण्याची गाडी आधी होती तशीच तपासली, तर कागदावर आकडा आला ३१०च्या आसपास. तो हादरलाच. “कंपनी ३७५ म्हणते! माझे साठ-पासष्ट घोडे गेले कुठे?” डायनोवाल्याने शांतपणे सांगितलं, की कंपनी इंजिनाच्या तोंडाशी मोजते, आम्ही चाकाशी मोजतो; मधल्या गिअरबॉक्समध्ये, ॲक्सलमध्ये आणि ह्या अवजड टायरांत पंधरा-सतरा टक्के जातात. वरून निघालेलं खाली पोचेपर्यंत कमी होतं हे महाराष्ट्रात जन्मलेल्या माणसाला समजावून सांगावं लागू नये, पण अमेरिकेत राहून माणूस भोळा होतो. वर डायनो-डायनोतही फरक. एका कंपनीचा उदार, दुसऱ्या कंपनीचा कंजूष. त्यामुळे दोन मित्र आपापले कागद समोर ठेवून भांडत असतील तर ते बहुधा गाड्यांबद्दल नसून रोलरांबद्दल भांडत असतात.

तिसरे ईमेलवाले. हे दुसऱ्याच राज्यात बसतात आणि गाडी कधी डोळ्यांनी बघत नाहीत. ते एक ट्यून पाठवतात, तुम्ही तो गाडीत भरायचा, गाडी पळवून इंजिनाची सगळी आकडेवारी नोंदवायची, म्हणजे ‘लॉग’ करायचा आणि तो लॉग त्यांना धाडायचा. ते सुधारून दुसरा ट्यून पाठवतात. हा पत्रव्यवहार पूर्वी लग्न ठरलेली मुलंमुली करत त्यापेक्षा जास्त चालतो.

चौथा मित्राचा मित्र. त्याच्याकडे लॅपटॉप असतो, कुठून तरी मिळालेलं सॉफ्टवेअर असतं आणि रविवार मोकळा असतो. पैसे घेत नाही, फक्त बिअर. गाडी बंद पडल्यावर तो फोनही घेत नाही.

पाचवे धूरवाले. हे डिझेलवाल्यांचे गुरू. धूर शुद्ध करणारी सगळी यंत्रणा उपटायची, ती अजून जागेवर आहे असं कॉम्प्युटरला भासवायचं आणि सिग्नलला मागच्या सायकलवाल्याच्या तोंडावर काळा लोट सोडायचा, हा त्यांचा पराक्रम. अमेरिकेच्या क्लीन एअर ॲक्टमध्ये ह्या उपटाउपटीला सरळ बंदी आहे. तरी तिथल्या पर्यावरण खात्याने, म्हणजे ईपीएने, नोव्हेंबर २०२०च्या अहवालात अंदाज दिला, की दहा वर्षांत साडेपाच लाखांहून जास्त डिझेल पिकअपची यंत्रणा अशी काढून टाकली गेली आणि त्यांचा जादा नायट्रोजन ऑक्साइड बघता रस्त्यावर नव्वद लाख ट्रक वाढल्यासारखं झालं. नुसत्या हौशी लोकांना बोल लावण्यातही अर्थ नाही. फोक्सवॅगनचं प्रकरण २०१५मध्ये बाहेर आलं तेव्हा कळलं, की चाचणी चालू आहे हे त्यांच्या डिझेल गाड्यांचं सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं सोज्वळ व्हायचं. आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९मध्ये ते पुन्हा बजावलं, हे मी मेहुण्याला सांगितलं. तो म्हणाला, “म्हणूनच तर दाजी, मी इकडे राहतो.”

धूरवाल्यांच्या वाटेला तो गेला नाही, कारण गाडी पेट्रोलची. टेक्सासचा न्याय बघा: पेट्रोल गाड्यांची धुराची चाचणी ह्यूस्टनसारख्या शहरांच्या परिसरात दरवर्षी होते, डिझेलला माफी. गाडीचे दिवे-ब्रेक तपासायची वार्षिक सक्ती तर खासगी गाड्यांना जानेवारी २०२५पासून उठली. तपासणी गेली, तिची साडेसात डॉलर फी मात्र राहिली. फक्त तिचं नाव बदललं. हे वाचून महाराष्ट्रातल्या वाचकाला परदेशाबद्दल आपुलकी वाटायला हरकत नाही.

वॉरंटीचा प्रश्न मी काढलाच. १९७५चा एक कायदा इथे आहे, त्यानुसार बाहेरचा पार्ट लावला एवढ्यावरून कंपनीला अख्खी वॉरंटी नाकारता येत नाही. बिघाड त्या पार्टमुळेच झाला हे दाखवावं लागतं. ट्रकवाल्यांना तो मुखोद्गत असतो. पण डीलरचा कॉम्प्युटर तक्ते बदललेले आहेत हे ओळखू शकतो, आणि ट्यून केलेलं इंजिन घेऊन वॉरंटी मागायला जाणं म्हणजे हात दाखवून अवलक्षण. मेहुणा निर्धास्त होता. “माझी वॉरंटी कधीच संपली. आता विचारणारं कोणी नाही.”

“आणि देणारंही कोणी नाही,” त्याची बायको म्हणाली.

शेवटी त्याने एक ईमेलवाला धरला. कारण विचित्र होतं. बाकी सगळ्यांनी पहिल्याच उत्तरात हॉर्सपॉवरचा आकडा दिला होता. ह्याने आकडा दिला नाही, उलट प्रश्नपत्रिका पाठवली. टायर नक्की किती इंचांचे? छापील नको, टेपने मोजून सांगा. ॲक्सलचा रेशो काय? प्लग शेवटचे कधी बदलले, त्यांची फट किती? ऑइल कधी बदललं? मागे काही ओढता का? पेट्रोल कुठलं भरता? आणि शेवटी, गाडीकडून तुम्हाला नक्की काय हवंय?

बाकीचे प्रश्न त्याने पटापट सोडवले. शेवटच्या प्रश्नाशी मात्र त्याचं अडलं. “जास्त पॉवर” लिहिलं, खोडलं. “सर्वांगीण सुधारणा” लिहिलं, तेही खोडलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, “सिग्नल सुटल्यावर मागच्याने हॉर्न वाजवू नये, एवढं लिही.” त्याने खरंच तेवढं लिहिलं.

ट्यूनरचं उत्तर दोन ओळींचं आलं. स्पीडोमीटर दुरुस्त करायला माझी गरज नाही. एखादा स्वस्त ॲडॅप्टर आणि लॅपटॉप असला की ते घरी होतं. आणि सुटताना जोर हवा असेल तर आधी ३.५५चे गिअर काढून ४.१०चे घाला, मग माझ्याकडे या. चारही चाकांना जोर जाणारी गाडी असल्याने हे काम पुढच्या आणि मागच्या दोन्ही ॲक्सलवर करावं लागतं, आणि खर्च ट्यूनच्या कितीतरी पट. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ह्या म्हणीतला मसाला आता डॉलरमध्ये मोजायची वेळ आली होती. मेहुण्याने आवंढा गिळून कळवलं, की गिअरचं पुढच्या वर्षी बघू, तूर्त ट्यून द्या. ट्यूनरने सौम्य ट्यून दिला, ९३ ऑक्टेनचा. त्याहून कडक मागितल्यावर म्हणाला, ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात कंपनीच्या इंटरकूलरवर, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या यंत्रावर, मी देणार नाही.

ट्यून भरायचा दिवस ऑगस्टचा होता. गॅरेजमध्ये भट्टी पेटलेली. बॅटरीला चार्जर लावलेला, कारण तक्ते भरताना मध्येच करंट गेला तर कॉम्प्युटर कायमचा मुका होऊ शकतो. रेडिओचा फ्यूज काढलेला. स्टिअरिंगखाली केबल. डॅशबोर्डवरचे होते नव्हते ते सगळे दिवे लागलेले आणि छोट्या पडद्यावर टक्के मुंगीच्या पावलांनी चढत होते. ६३ टक्क्यांवर गॅरेजचं आतलं दार उघडलं आणि सासूबाई आल्या. त्यांची जपमाळ पुढच्या सीटवर राहिली होती.

“आई, दाराला हात लावू नकोस!” मेहुणा किंचाळला.

सासूबाईंनी दिव्यांकडे पाहिलं, केबलकडे पाहिलं, घामाने निथळणाऱ्या मुलाकडे पाहिलं. “काय झालं रे गाडीला?”

“काही झालं नाही. सुधारतोय.”

“काही झालं नाही, तर सुधारतोस कशाला?”

पडद्यावर ६४ आले. उत्तर कोणीच दिलं नाही.

मग लॉग. मेहुणा गाडी चालवणार, मी मांडीवर लॅपटॉप घेऊन शेजारी. एका गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबून, खालच्या आरपीएमपासून वरपर्यंत एकसलग न्यायची, अशी आज्ञा होती. सर्व्हिस रोड धरून काही ठिकाणी सव्वीस लेनचा असलेला केटी फ्रीवे घराशेजारी आहे, पण संध्याकाळी त्या सव्वीसही लेन भरलेल्या असतात. तेव्हा भल्या पहाटे, काकडआरतीच्या वेळेला, आम्ही रिकाम्या रॅम्पवर हा विधी उरकला आणि फाईल पाठवून दिली.

दुपारी उत्तर आलं: “९३ म्हणून तुम्ही कुठलं पेट्रोल भरलंय?”

मेहुणा गप्प. त्याची टाकी ३६ गॅलनची. ९३चा भाव बघून त्याने ‘ह्या वेळेपुरतं’ ८९ भरलं होतं. इथल्या पंपावरचे आकडे आपल्याहून वेगळ्या पद्धतीने काढतात. आपल्याकडे वर्षानुवर्षं ९१ म्हणून विकलं गेलेलं साधं पेट्रोल इथल्या ८७च्या जवळचंच. पण पद्धत कुठलीही असो, इंजिनाला फसवता येत नाही. फोर्डचा कॉम्प्युटर ठोक्याच्या आवाजावरून पेट्रोलचा दर्जा शिकत जातो आणि त्याला एक गुण देतो. उणे एक म्हणजे उत्तम, अधिक एक म्हणजे टाकाऊ. मेहुण्याचा आकडा उण्याकडून अधिकाकडे सरकत होता. आयुष्यभर अधिक गुण मिळवणाऱ्या मुलाला पहिल्यांदाच उणे गुणांसाठी टाकीभर ९३ भरावं लागलं. दुसऱ्या राज्यात बसलेल्या माणसाने आलेखावरून त्याचा चिकूपणा ओळखला, ह्याचा त्याच्या बायकोला झालेला आनंद मात्र कुठल्या लॉगमध्ये नोंदवला गेला नाही.

गाडी आता सिग्नलवरून बरी निघते. धुराच्या चाचणीला पहिल्या खेपेला परत पाठवली, कारण नवे तक्ते भरल्यावर गाडीची आतली स्वतपासणी पुसली जाते आणि ती पुरी व्हायला काही दिवस नेमस्तपणे गाडी चालवावी लागते. नेमस्तपणे चालवायची होती तर ट्यून कशाला केला, हा प्रश्न सासूबाईंनी ह्या वेळी विचारला नाही. त्यांना जपमाळ मिळाली होती.

तेव्हा कोणाला खरोखरच ट्यूनर निवडायचा असेल, तर आमच्या घराण्याच्या अनुभवाचं सार असं. पहिल्या ईमेलात हॉर्सपॉवरचा आकडा देणारा बाजूला ठेवा. टायर, गिअर, प्लग, पेट्रोल विचारणारा ठेवा. मूळ तक्त्यांची प्रत तुमच्या हातात ठेवत नसेल त्याच्याकडे जाऊ नका. धूर शुद्ध करणाऱ्या यंत्रणेला हात लावतो म्हणणाऱ्याला नमस्कार करा. कॅलिफोर्नियात राहत असाल तर ट्यूनला तिथल्या हवा मंडळाचा मंजुरी क्रमांक आहे का ते आधी बघा. फोन करून बघा, विकत घेण्यापूर्वी नाही, घेतल्यानंतर. तेव्हा उचलतो तो खरा. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तो तुम्हाला कशाकशाला ‘नाही’ म्हणतो ते मोजा. होय म्हणणारे चारपाचशे डॉलरला कुठेही मिळतात.

असा नाही म्हणणारा तुम्हाला सापडला तर त्याला धरून ठेवा. फक्त त्याचा पत्ता आमच्या मेहुण्याला कळवू नका. समोरच्या घरी ३७ इंचांचे टायर आले आहेत, आणि त्याला आता होय म्हणणारा हवा आहे.